कौल मिळाला, पण सही कोणाची?

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोव्याहून गेलेली पुष्कळ कुटुंबं राहतात. त्यांतली बरीचशी पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे पोचली. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालकडे होता, त्यामुळे त्या काळी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो पासपोर्ट मिळवता येतो. तो हाती आला की ब्रिटनसकट सगळ्या युरोपियन युनियनचं दार उघडायचं. आता एकाच गल्लीत शेजारीशेजारी राहणारे दोघे गोंयकार डोळ्यांसमोर आणा. एक पोर्तुगीज पासपोर्टवाला, दुसरा भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसावर आलेला. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान झालं, तेव्हा मत कोणाला होतं? भारतीय पासपोर्टवाल्याला. भारत राष्ट्रकुलात आहे, राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहत असतील तर संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, आणि सार्वमतालाही तोच नियम धरला गेला. ज्याचं तिथलं राहणंच पणाला लागलं होतं तो पोर्तुगीज पासपोर्टवाला मात्र घरी बसून टीव्हीवर निकाल बघत होता.

हा विचित्रपणा निदान कायद्यात लिहिलेला तरी होता. मतं मोजून झाल्यावर पुढे काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. म्हणजे १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. त्यातही इंग्लंड आणि वेल्स एका बाजूला, स्कॉटलंड (तिथे ६२ टक्के ‘राहा’) आणि उत्तर आयर्लंड दुसऱ्या बाजूला. पण ‘बाहेर पडा’ हे लोकांनी सांगितलं कुणाला? पंतप्रधानांना, संसदेला, की राणीला? बाहेर पडण्याच्या नोटिशीवर सही करायचा हक्क कोणाचा? पुढच्या साडेतीन वर्षांत ब्रेक्झिटवरून जो काही गोंधळ झाला, पक्षांतल्या भाऊबंदकीसकट, तो बराचसा या एका प्रश्नाभोवती फिरला. तोच धागा धरून जाऊ.

कायद्यात नसलेलं वाक्य

या सार्वमतासाठी संसदेने २०१५ साली कायदा केला. प्रश्नाचे शब्द काय, मत कोणाला, प्रचारावर खर्च किती, सगळं त्यात आहे. ‘निकाल असा लागला तर सरकारने अमुक करावं’ एवढं मात्र नाही. ते नजरचुकीने राहिलं असंही म्हणता येत नाही. २०११ मध्ये खासदार निवडण्याची पद्धत बदलायची का, यावर ब्रिटनमध्ये असंच सार्वमत झालं होतं. त्या कायद्यात, लोक हो म्हणाले तर मंत्र्याने नवी पद्धत लागू केलीच पाहिजे, असं स्पष्ट कलम होतं. (लोक नाही म्हणाले, विषय मिटला.) म्हणजे हात बांधणारं सार्वमत कसं लिहायचं हे संसदेला चांगलं येत होतं, या वेळी तिने ते लिहिलं नाही. दुसरीकडे सरकारने घरोघरी जी पत्रिका वाटली तीत छापलं होतं की निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. कायद्याच्या भाषेत सल्ला, राजकारणाच्या भाषेत हुकूम. मधल्या फटीत पुढचं सगळं घडलं.

त्या फटीत पहिला पाय अडकला तो डेव्हिड कॅमेरून यांचा. वर्षभरापूर्वीच बहुमत मिळवलेले हुजूर पक्षाचे पंतप्रधान. लोकांनी बाहेर पडा म्हटलं तर लगेच नोटीस देऊ, असं ते आधी सांगत होते. २४ जूनच्या सकाळी त्यांनी १०, डाउनिंग स्ट्रीटच्या दारात येऊन राजीनामा जाहीर केला आणि नोटिशीचं काय ते पुढचा पंतप्रधान बघेल म्हणाले. त्यांच्यावर अविश्वास ठराव आलेला नव्हता, बहुमत शाबूत होतं, कोणताही कायदा त्यांना जा म्हणत नव्हता. पण ज्याच्या विरोधात महिनोन्‌महिने घसा कोरडा केला तेच आता स्वतःच्या हाताने पार पाडायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

गोव्याच्या वाचकांना इथे आपला ओपिनियन पोल आठवेल. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की केंद्रशासित राहावं यावर मतदान झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. विलीनीकरणवादी ३४,०२१ मतांनी हरले. त्यांचे नेते, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, यांनीही राजीनामा दिला होता, पण तो मतदानाच्या आधी, मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून. आणि अडीच महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्यांचाच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला. गोवेकरांनी प्रश्नाला एक उत्तर दिलं, पक्षाला दुसरं. ब्रिटनमध्ये ही दोन उत्तरं एकमेकांत अशी गुंतली की सोडवता सोडवेनात.

नेता पक्षाचा, पंतप्रधान देशाचा

आपल्यासारखंच तिथेही लोक खासदार निवडतात, आणि सभागृहात बहुमत ज्याच्या मागे तो पंतप्रधान. मुदतीच्या मध्येच पंतप्रधान गेला तर सत्ताधारी पक्ष नवा नेता निवडतो आणि राजा किंवा राणी त्याला सरकार बनवायला बोलावते. म्हणजे त्या काही आठवड्यांपुरती पक्षाची घटना हीच जणू देशाची घटना होते. हुजूर पक्षाचा नियम असा की आधी खासदारांनी फेऱ्या घेत उमेदवार गाळत दोनवर आणायचे, मग त्या दोघांतून एकाला देशभरातल्या वर्गणीदार सदस्यांनी निवडायचं. मतदार साडेचार कोटींच्या वर, आणि पंतप्रधान कोण हे ठरवणारे सदस्य दीड लाखाच्या आसपास.

२०१६ च्या त्या पंधरवड्यात जे झालं ते एखाद्या जुन्या संगीत नाटकातल्या कारस्थानाच्या अंकासारखं होतं. बाहेर पडा या मोहिमेचा चेहरा बोरिस जॉन्सन, त्यांचे उजवे हात मायकेल गोव्ह. ३० जूनच्या सकाळी गोव्ह यांनी जाहीर केलं की जॉन्सन यांना हे झेपणार नाही, मीच उभा राहतो. काही तासांनी जॉन्सन पत्रकारांनी भरलेल्या सभागृहात उमेदवारी जाहीर करायला म्हणून आले, पुढच्या पंतप्रधानाने काय काय करायला हवं याची लांबलचक यादी वाचली आणि शेवटी म्हणाले, तो माणूस मी असू शकत नाही. खासदारांच्या दुसऱ्या फेरीत टेरिसा मे यांना १९९, अँड्रिया लेडसम यांना ८४ आणि गोव्ह यांना ४६ मतं पडली. मित्राला कापणाऱ्याला खासदारांनीच कापलं. मग लेडसम यांची एक मुलाखत अंगाशी आली. आपण आई आहोत म्हणून देशाच्या भविष्यात आपला जीव जास्त गुंतलाय, असा तिचा सूर निघाला, आणि मे यांना मूल नव्हतं. ११ जुलैला लेडसम यांनी माघार घेतली. १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या. दीड लाख सदस्यांवर मतपत्रिका भरण्याची वेळच आली नाही. गंमत म्हणजे मे या स्वतः ‘राहा’ म्हणणाऱ्यांतल्या होत्या.

विरोधी मजूर पक्षात याच्या उलट. तिथे खासदार एकीकडे आणि सदस्य दुसरीकडे. पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी राहा या बाजूचा प्रचार मनापासून केला नाही, असा खासदारांचा राग होता. युरोपियन युनियनला दहापैकी किती गुण, असं विचारल्यावर ‘सात, साडेसात’ म्हणालेले गृहस्थ ते. निकालानंतर दोन दिवसांनी, मध्यरात्री उलटून गेल्यावर, त्यांनी आपल्या छाया-मंत्रिमंडळातले (सरकारातल्या मंत्र्यांसमोर विरोधी पक्ष उभं करतो ते) परराष्ट्रमंत्री हिलरी बेन यांना काढलं आणि पाठोपाठ राजीनाम्यांची रांग लागली. २८ जूनला मजूर खासदारांनी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास व्यक्त केला. आपल्याकडे एवढ्यावर नेता दुसऱ्या दिवशी उरला नसता. पण मजूर पक्षाच्या नियमांत अशा ठरावाला काही किंमतच नव्हती. कॉर्बिन म्हणाले, मला सदस्यांनी निवडलंय, सदस्य काढतील. मग नवा वाद. आव्हान देणाऱ्याला खासदारांच्या ठरावीक सह्या लागतात, तशा विद्यमान नेत्यालाही लागतात का? लागल्या असत्या तर कॉर्बिन यांना मिळाल्या नसत्या. पक्षाची कार्यकारिणी म्हणाली लागत नाहीत, प्रकरण न्यायालयात गेलं, न्यायालयानेही तेच म्हटलं. २५ पौंड भरून मत देण्याची सोय फक्त दोन दिवस खुली होती, तेवढ्यात १,८०,००० हून अधिक लोकांनी नावं नोंदवली. २४ सप्टेंबरला कॉर्बिन ६१.८ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले, आधीपेक्षा भक्कम.

आणि ज्यांनी आयुष्यभर बाहेर पडा म्हटलं ते युकिप या ब्रेक्झिटवादी पक्षाचे नेते नायजेल फराज? त्यांनी काम झालं म्हणून ४ जुलैला पद सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या डायन जेम्स १८ दिवसांत गेल्या.

राजाकडची जुनी किल्ली

आता मूळ प्रश्नावर. नोटीस द्यायची ती युरोपियन युनियनच्या लिस्बन कराराच्या कलम ५० खाली. कलम म्हणतं, कोणताही सदस्य देश ‘आपल्या घटनात्मक नियमांनुसार’ बाहेर पडण्याचं ठरवू शकतो, एकदा कळवलं की दोन वर्षांचं घड्याळ सुरू. आपल्या घटनात्मक नियमांनुसार! ज्या देशाची घटना एका पुस्तकात लिहिलेलीच नाही त्याला हे वाक्य सांगणं म्हणजे थट्टाच.

मे सरकार म्हणालं, सही आम्हीच करू, संसदेत जायची गरज नाही. कशाच्या जोरावर? तर राजाच्या विशेषाधिकाराच्या. एके काळी इंग्लंडचा राजा सगळंच करायचा. शतकानुशतकं भांडून संसदेने त्याच्याकडून एकेक अधिकार काढून घेतला. जे काढून घ्यायचे राहिले ते राजाच्या नावाने आज मंत्री वापरतात. परराष्ट्रांशी करार करणं आणि मोडणं, सैन्य धाडणं, संसदेचं अधिवेशन संपवणं, हे त्यांतले मोठे. यासाठी कायदा करावा लागत नाही, मतदान घ्यावं लागत नाही. आपल्याकडेही परदेशाशी करार केंद्र सरकार करतं, संसदेला आधी विचारावं लागत नाही. करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल तर मात्र संसदेची पायरी चढावी लागते.

नेमक्या याच पायरीवर जीना मिलर उभ्या राहिल्या. गयानात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या, लंडनमध्ये गुंतवणुकीचा व्यवसाय करणाऱ्या बाई. त्यांच्या वकिलांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर सोसायटीचं उदाहरण घ्या. सेक्रेटरी लिफ्टवाल्याशी करार करू शकतो, पाण्याच्या टँकरवाल्याला बदलू शकतो, त्यासाठी दर वेळी सर्वसाधारण सभा बोलावत नाहीत. पण सभासदांना ठरावाने मिळालेलं पार्किंग ज्या कागदाने जाईल त्यावर तो एकट्याने सही करू शकत नाही. गच्चीवर बहुतेकांनी हात वर केले होते, असं म्हणून चालत नाही. सभा लागते, ठराव लागतो, इतिवृत्तात नोंद लागते. ब्रिटनमध्ये तो ठराव म्हणजे १९७२ चा कायदा. त्या कायद्याने युरोपातले हक्क देशाच्या कायद्याचा भाग झाले. नोटीस दिली की दोन वर्षांनी ते हक्क जाणार. जे संसदेने दिलं ते मंत्र्याने राजाच्या नावाने काढून घ्यायचं नाही. ही १६१० सालापासूनची जुनी इंग्रजी शिस्त आहे. नुसता हुकूमनामा काढून राजाला देशाचा कायदा बदलता येत नाही, असं न्यायाधीशांनी तेव्हा पहिल्या जेम्स राजाला सुनावलं होतं.

सरकारचं उत्तरही अगदीच पोकळ नव्हतं. त्यांचं म्हणणं, १९७२ चा कायदा म्हणजे नुसता पाइप. करारातून जे येईल ते त्यातून घरात येतं, करार संपला की पाइप कोरडा. आणि करार करणं-मोडणं तर आमचंच काम.

३ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांनी मिलर यांच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने तिघांचे फोटो पहिल्या पानावर छापून वर मथळा दिला: लोकांचे शत्रू. न्यायालयाने ब्रेक्झिट थांबवलंय असं त्या मथळ्यावरून कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात बाहेर पडावं की नाही यावर न्यायाधीशांनी अवाक्षर काढलं नव्हतं. सही कोणाच्या परवानगीने एवढंच सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयात अकराच्या अकरा न्यायाधीश बसले आणि २४ जानेवारी २०१७ रोजी ८ विरुद्ध ३ असा तोच निकाल कायम राहिला. स्कॉटलंडच्या संसदेची संमती लागते का, यावर मात्र अकराही जण म्हणाले की ती राजकीय प्रथा आहे, न्यायालय ती राबवू शकत नाही. ६२ टक्के ‘राहा’ म्हणणाऱ्या स्कॉटलंडला ते झोंबलं.

मग सरकारने विधेयक आणलं. मी ते वाचलंय, वाचायला चहा संपेपर्यंतही वेळ लागत नाही. दोन कलमं. पहिल्यात मुख्य वाक्य एकच: बाहेर पडण्याचा इरादा पंतप्रधान कळवू शकतात. ‘शकतात’. कळवलंच पाहिजे असं इथेही नाही. ४९४ विरुद्ध १२२ मतांनी ते कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मंजूर झालं. खासदारांत राहा म्हणणारे बहुसंख्य होते, तरीही. आपल्या मतदारसंघाने काय कौल दिलाय हे ज्याला त्याला ठाऊक होतं. २९ मार्चला मे यांच्या सहीचं सहा पानी पत्र ब्रसेल्समध्ये युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हातात पडलं. सही करतानाचा फोटो प्रसिद्ध आहे: मागे भिंतीवर ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे रॉबर्ट वॉलपोल.

एक भानगड मात्र राहिली. एकदा दिलेली नोटीस मागे घेता येत नाही, असं या खटल्यात दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की येते.

सीलबंद संसद

मधली दोन वर्षं पटकन ओलांडू. २०१७ मध्ये मे यांनी आपणहून निवडणूक घेतली आणि असलेलं बहुमत घालवलं. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवर सरकार उभं राहिलं. हुजूर पक्षात नेत्यावर अविश्वास आणायचा तर तेव्हा १५ टक्के खासदारांनी पक्षाच्या खासदारांच्या ‘१९२२ समिती’च्या अध्यक्षाला पत्रं द्यावी लागत, म्हणजे ४८ पत्रं पुरत होती. ती किती आली हे अध्यक्ष सोडून कुणाला कळत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने वर्तमानपत्रं नुसते अंदाज छापत होती. डिसेंबर २०१८ मध्ये आकडा भरला, मतदान झालं, मे २०० विरुद्ध ११७ मतांनी वाचल्या. नियमाप्रमाणे त्यांना वर्षभर कुणी हात लावू शकत नव्हतं. पण महिन्याभराने त्यांचा युरोपशी झालेला करार कॉमन्सने ४३२ विरुद्ध २०२ असा उडवला, पुढे आणखी दोनदा उडवला, आणि वर्ष सरायच्या आत त्या गेल्या. नियम खुर्ची वाचवतो, वजन वाचवत नाही.

जुलै २०१९ मध्ये जॉन्सन आले, या वेळी सदस्यांच्या मतांनी: ९२,१५३. एवढ्या मतांत आपल्याकडे विधानसभेची एखादी जागा निघते. बाहेर पडायची वाढवून मिळालेली तारीख ३१ ऑक्टोबर. करार न होताच देश बाहेर ढकलला जाईल या भीतीने संसद कायदा करायच्या बेतात होती. जॉन्सन यांनी तीच जुनी किल्ली काढली, दुसऱ्या कुलुपाला लावली. २८ ऑगस्टला तीन मंत्री स्कॉटलंडमधल्या बालमोरल किल्ल्यावर राणीकडे गेले आणि संसदेचं अधिवेशन पाच आठवडे संस्थगित करण्याची मंजुरी घेऊन आले. अधिवेशन संस्थगित होणं यात एरवी बातमीसुद्धा नसते, जेमतेम आठवडाभराचा तो मामला. पण त्या काळात विधेयक नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, समित्या नाहीत.

उरलेल्या थोड्या दिवसांत खासदारांनी कायदा करून घेतलाच, करार नसेल तर मुदतवाढ मागा असा. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हेच हिलरी बेन, २०१६ मध्ये मध्यरात्री काढलेले. त्यासाठी सरकारविरुद्ध मत देणाऱ्या आपल्याच २१ खासदारांना जॉन्सन यांनी पक्षाच्या गटातून काढलं. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. पक्षांतरबंदी, अपात्रता, विधानसभाध्यक्षांपुढची सुनावणी हे शब्द तोंडपाठ झालेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला एक गोष्ट नवलाची वाटेल: या २१ जणांची खासदारकी शाबूत राहिली. ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडला तर पक्ष जातो, जागा जात नाही.

२४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायालयाच्या अध्यक्ष लेडी हेल काळ्या पोशाखावर मोठ्ठ्या कोळ्याचा ब्रोच लावून बसल्या होत्या, लोकांना तोच जास्त आठवतो. या वेळी अकराविरुद्ध शून्य. महत्त्वाच्या आठ आठवड्यांपैकी पाच आठवडे संसद बंद ठेवायला सरकारने कारणच दिलेलं नाही, तेव्हा राणीला दिलेला तो सल्ला बेकायदा. मग राणीचा हुकूम? लेडी हेल म्हणाल्या, तो घेऊन जे संसदेत आले ते जणू कोरा कागद घेऊन आले होते. संसद संस्थगित झालेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं.

जॉन्सन यांनी डिसेंबरमध्ये निवडणूक जिंकली, बाकी सगळ्यांपेक्षा ८० जागा जास्त मिळवल्या, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. पुढे त्यांना स्वतःच्याच पक्षाने घालवलं. त्यांच्यामागून सदस्यांनी निवडलेल्या लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या, आणि मग ऋषी सुनक यांना सदस्यांच्या मतदानाशिवायच नेतेपद मिळालं.

किल्लीचं काय झालं? २०११ च्या कायद्याने संसद बरखास्त करायचा राजाचा अधिकार काढून घेऊन तो खासदारांच्या मतावर ठेवला होता. ब्रेक्झिटच्या काळात निवडणूक घ्यायची तर त्याची अडचण झाली होती. २०२२ मध्ये नवा कायदा आला, जुना रद्द झाला, बरखास्तीचा अधिकार परत राजाकडे, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांकडे, गेला. आणि त्यात एक कलम घालून ठेवलं: या अधिकाराच्या वापरावर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही.

२२ मे २०२४ च्या संध्याकाळी सुनक भर पावसात, छत्रीशिवाय, १०, डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभे राहिले. कोटावरून पाणी निथळत होतं. राजाची परवानगी घेतलीये, ४ जुलैला निवडणूक, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याच पक्षातल्या कित्येक खासदारांनाही ती तारीख तेव्हाच कळली.